फरशीखालचा माल

नुराता, ४ सप्टेंबर

ओयनिसा,

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग बाकीचं वाच. तू माझ्या मुलीला फोन करतेस का?

खोटं लिहू नकोस. तुझं अक्षर एरवी कोंबडीच्या पायांसारखं असतं आणि खोटं लिहायला लागलीस की सरळ येतं, हे मला आपण एका पाटावर बसत होतो तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणूनच फोन न करता पत्र पाठवतेय. फोनवर तू हसतेस आणि मी काय विचारणार होते ते विसरते. शिवाय मोहीचे बाबा घरात असले की तुझं नाव घ्यायची सोय नाही. त्यांच्या चुलतभावाशी तुझी सोयरीक नान मोडून पक्की झाली आणि तू पुढच्याच महिन्यात बस पकडून रशियाला निघून गेलीस, ते त्यांनी अजून गिळलेलं नाही. त्यामुळे हे पत्र तिकडे मनुका विकायला येणाऱ्या फातिमा खालाच्या पोत्यातून येईल. उत्तर तिच्याच हाती दे. तिला वाचता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आता संशय का आला ते सांगते.

मोहीला स्थळ आलंय. नवोईच्या नार्झुल्लांचा मुलगा, इल्योस. नार्झुल्ला म्हणजे बांधकामाच्या सामानाचं मोठं दुकान आहे ते, गोझगोनच्या वाटेवर दगड कापायची शेडही त्यांचीच. मुलगा दिसायला बरा आहे, बोलतो कमी, दारू पीत नाही. मोहीच्या बाबांना स्थळ फार पसंत पडलं. मोहीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती बालवाडीत शिकवते ना, तिथल्या पोरांसारखंच खाली बघून बोटं मोजत बसली.

सोयरीक पक्की करायचा फातिहा आमच्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत व्हायचा असं ठरलं. त्या खोलीत अजून मातीची जमीन. तर नार्झुल्लांनी काय करावं? गोझगोनचा संगमरवर पाठवून दिला, गाडी भरून. पांढरा, गुलाबी झाक असलेला, चौकोनी कापलेला. म्हणाले, फरशी बसली की त्याच फरशीवर दस्तरखान अंथरू आणि नान मोडू. मोहीचे बाबा तर दगडावरून हातच फिरवत राहिले. मला मात्र तेव्हाच वाटलं, न मागता इतकं देणारा माणूस नंतर काय मागेल कुणास ठाऊक.

खाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून झाल्या, वरून कोबाही झाला. गवंडी उस्ता नोरकुल करडं सिमेंट कालवायला बसला. तेवढ्यात मोही आली, उकिडवी बसली, एक फरशी उलटी केली, तिच्या पाठीवर बोटाने पाण्याचा थेंब टाकला आणि तो किती लवकर आत जातो ते बघत राहिली. मग उस्ताला म्हणाली, "उस्ता, हा दगड पाणी पितो. करड्या मालावर बसवलात तर काळोखी वर येईल. पांढरा माल हवा."

उस्ता माझ्याकडे बघायला लागला. मी मोहीकडे.

जी पोर आजवर भिंतीत खिळा ठोकायला बापाला हाक मारायची, तिला दगड पाणी पितो हे कोणी शिकवलं? आपल्या सगळ्या गोतावळ्यात फरशी बसवणारं माणूस एकच, आणि ते कझानला बायकांच्या टोळीत काम करतं. पाणी कुठेतरी मुरतंय, ओयनिसा.

काम थांबलं. म्हणजे फातिहाही थांबला. आता उत्तर दे.

तुझी मोठी बहीण,
बिबिसोरा


नुराता, २३ सप्टेंबर

ओयनिसा,

तुझं उत्तर मिळालं. मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय? "दगड फिकट असेल तर पांढराच माल घ्या. खाली गरम नळ्या असतील तर थोडा लवचीक असलेला घ्या, नाहीतर थंडीत जमीन आखडेल तेव्हा फरशी सुटेल. फरशीच्या पाठीलाही माल चोळा, नुसता खाली पसरून ठेवू नका." बस, एवढंच. फोन करतेस की नाही, त्यावर चकार शब्द नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, ही तुझी खोड गेली नाही. आणि अक्षर मात्र सरळ.

इथे काय झालं ते ऐक. माहीत असेलच, तरी ऐक.

मोहीने अंगणात दगडाचे दोन तुकडे बसवले, एक करड्या मालावर, एक पांढऱ्यावर. बापाला म्हणाली, वाळू दे, मग बघा. बाप चिडला होता, पण शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या आणि त्यांनाही उत्सुकता लागली. आठवडा उलटला. करड्यावरच्या तुकड्यात मधोमध सावली उमटली, जागरणाने डोळ्याखाली येते तशी. पांढऱ्यावरचा तुकडा मात्र दुधासारखा. आता बाप काय बोलणार? उस्ताने कानावर हात ठेवले की आजवर त्याने घातलेली जमीन शाळांची आणि दवाखान्यांची, तिथे कोण सावली बघतं.

हे झालं तर पोरीने दुसरं काढलं. साधा पांढराही नको, नळ्या आहेत, लवचीक पाहिजे. तो नुरात्यात मिळेना. मग म्हणाली, कोबा अजून ओला आहे, वर प्लास्टिक चिकटवून ठेवा आणि खाली दव जमतं का बघा. जमलं. पुन्हा थांबा. प्रत्येक वेळी तिचं म्हणणं खरं निघतं आणि प्रत्येक वेळी फातिहा पुढे जातो. खरं बोलून कोणी इतकं अडवू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी नार्झुल्लांचाच निरोप आला. होणारी सून पांढरा मागते तर पांढरा घ्या, आमच्याच दुकानातून पाठवतो. पोती आली, परदेशी छापाची. मोहीचे बाबा मला ऐकू जाईल असं म्हणाले, आता आणखी कुठला रंग काढते ते बघू.

मी तिच्यावर पाळत ठेवली. आई आहे, मला हक्क आहे. परवा ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागच्या जर्दाळूखाली गेली. मी तंदूरमागे उभी राहिले. फोन कानाला होता आणि म्हणत होती, "खाला, कोबा तर वाळला. आता काय सांगू?"

मग मी पुढे झाले. तिने फोन टोपलीत टाकला, ओल्या चादरीवर.

मी विचारलं, हे लग्न मोडायला खालाने सांगितलंय का. ती म्हणाली, "ओयी, लग्न नको असं मी कधी म्हटलं?"

"मग काय म्हटलंस?"

"फरशी नीट बसावी, एवढंच."

"दुसरा कोणी आहे का?"

ती हसली. रडली असती तर बरं झालं असतं, हसल्यावर मला काहीच कळेना. मग ती चादरी पिळत बसली, आधीच पिळून झालेल्या.

तू गेलीस तेव्हा अब्बांनी लाजेने दोन वर्षं बाजाराचा मोठा रस्ता सोडला होता, गल्लीबोळांतून जायचे. मला माझ्या घरात ते नकोय. तू तिकडे तुझी तुझी सुखी राहा, पण माझ्या पोरीच्या कानात काही घालू नकोस. लिहून पाठव की घालत नाहीस.

बिबिसोरा


नुराता, १२ ऑक्टोबर

ओयनिसा,

या वेळी तुला जाब विचारायला लिहीत नाहीये. मला कोणाशी तरी बोलायचंय आणि घरात कोणी उरलं नाही.

फरशी बसवायला सुरुवात झाली. नवीन पोती आली तेव्हा मोहीने एका पोत्याचं तोंड निरखलं आणि मला बोलावून दाखवलं. शिवण दोन रंगांच्या दोऱ्याची होती, आणि तिच्या बाजूला जुन्या मशीनच्या टाक्यांची भोकं तशीच रिकामी. मी म्हटलं, वाटेत फाटलं असेल, पुन्हा शिवलं असेल. वर हेही म्हटलं की आता दोऱ्यात खोट काढू नकोस.

उस्ताने माल कालवला. त्याचा चहा संपायच्या आत बादलीत दगड झाला. तो म्हणाला, फार लवकर आळतोय, मला हे आवडत नाही. मोहीचे बाबा म्हणाले, परदेशी आहे, तसाच असतो, थोडा थोडा कालव. खिडकीपासून दाराच्या दिशेने काही रांगा बसल्या. दिसायला इतक्या सुरेख की मीच दारातून बघत उभी राहिले.

मग नळ्यांत पाणी सोडून पाहिलं. खिडकीखालचा एक जोड पाझरला. जोड बदलला, पण तेवढ्यात पाणी त्या रांगांखाली गेलंच. दोन-तीन दिवसांनी मी केरसुणी घेऊन गेले, तर फरशी पायाखाली हलली, पडायला आलेल्या दातासारखी. नखाने उचलली तशी हातात आली. खाली माल नव्हताच. ओल्या पिठासारखा लगदा होता.

आता मला काय वाटलं ते सांगते, आणि तू हसू नकोस. मला वाटलं, पोरीनेच त्यात काहीतरी मिसळलं. मीच आधी तसा विचार केला, मग तिच्या बापाने तो बोलून दाखवला. ते तिच्यावर ओरडले, "त्या कझानचीने दूरच्या देशातून माझं घर उकरलं, आणि फावडं तुझ्या हातात दिलं." मोही बालवाडीत निघून गेली आणि संध्याकाळी परत आली ती न जेवता झोपली.

मी दिवसभर विचार केला. कोठीची किल्ली पोती आली त्या दिवसापासून माझ्या कमरेला आहे. का, तर मला पोरीचा भरवसा नव्हता म्हणून. उस्ताला हवं तेव्हा एक पोतं मी स्वतः काढून द्यायचे, आणि तो ते माझ्यासमोर कात्रीने उघडायचा. मग तिने मिसळलं कधी? माझ्या संशयानेच तिला सोडवलं, असं म्हण.

मोहीच्या बाबांपुढे किल्ली ठेवली आणि सांगितलं की एक पोतं अजून बंद आहे, तुमच्या हाताने उघडा. त्यांनी उघडलं. उस्ताने त्यातला एक गोळा केला आणि उरलेल्या करड्या सिमेंटचा दुसरा. सुकल्यावर दोन्ही पाण्याच्या वाडग्यात ठेवले. खरा माल पाण्यात आणखी घट्ट होतो म्हणाला. वाडगं मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. कोणाचा काय भरवसा.

परवा उघडलं. करडा गोळा जमिनीवर आपटला तरी फुटला नाही. पांढरा बोटांत दाबला तर दह्यासारखा ओघळला. उस्ताने चिमूट जिभेवर लावली, थुंकला आणि म्हणाला, "यात अर्धा गंच आहे, जिप्सम. भिंतीवर नक्षी काढायचा गंच जमिनीत घालतं का कोणी? ओल लागली की संपला."

मोहीच्या बाबांनी वाडगं जवळ ओढलं आणि तो लगदा स्वतः बोटांत चोळून पाहिला. मग नार्झुल्लांना फोन करून म्हणाले, या, फरशी बघायला या, आणि मुलालाही आणा. बाकी काही सांगितलं नाही. उद्या येताहेत.

मोहीशी अजून ते बोललेले नाहीत. माफी मागायची कशी हे त्यांना येत नाही. आज मात्र तिच्यासाठी बाजारातून डाळिंबं आणली आणि माझ्याच हातात दिली, तिला दे म्हणून.

बिबिसोरा


नुराता, २ नोव्हेंबर

ओयनिसा,

फातिमा खाला आजारी होती, म्हणून उशीर. आता नीट बसून सगळं लिहिते.

नार्झुल्ला आले, सोबत इल्योस. त्यांना पाहुण्यांच्या खोलीत नेलं नाही, व्हरांड्यात दस्तरखान घातलं. दोन नान ठेवले, मनुका, अक्रोड, शोरबा. मोही आत होती, दाराचा पडदा अर्धा उघडा.

खाणं झाल्यावर मोहीच्या बाबांनी वाडगं पुढे ठेवलं आणि काय घडलं ते शांतपणे सांगितलं. त्यांना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. नार्झुल्ला म्हणाले, गोदामात ओल लागली असेल. मग म्हणाले, गवंड्याने पाणी जास्त घातलं असेल. मग, वरून माल तसाच आला असेल, आम्ही काय पोत्यात शिरून बघतो का. एकामागून एक तीन कारणं, आणि प्रत्येक आधीच्याशी भांडणारं. मी मोजत नव्हते, पण संशयी माणसाच्या कानाला ते आपोआप कळतं. शेवटी म्हणाले, सोयऱ्यांमध्ये पोत्यांवरून कसली बोलणी, दुसरी पाठवतो.

सगळा वेळ इल्योस खाली मान घालून बसलेला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "बाळा, दुकानात तू बसतोस ना? तू सांग, हे कसं झालं?"

त्याने बापाकडे बघितलं. बापाने चहा उचलला. पोराला वाटलं असावं की मला धीर द्यावा. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, मनाला लावून घेऊ नका. घरच्यांसाठी आम्ही वेगळी पोती ठेवतो. त्या दिवशी गाडी भरणाऱ्याने चुकून ही टाकली."

तो काय बोलला हे त्याचं त्यालाही कळलं नाही, ओयनिसा. त्याला ते भल्याचं वाटलं. नार्झुल्लांचा पेला तोंडाजवळ थांबला तेव्हा कुठे तो गोंधळला.

मोहीचे बाबा नवोईच्या रस्त्यावर मिनीबस चालवतात. वाटेवर कोण घर बांधतंय, कोणी पोराच्या लग्नासाठी खोली काढलीय, सगळं त्यांना ठाऊक. ते फक्त एवढंच म्हणाले, "आणि आम्ही घरचे नसतो तर?"

नार्झुल्ला त्यांना म्हणाले, "एर्गाश, धंदा आहे. सगळेच करतात."

मोहीच्या बाबांनी दस्तरखानावरचे दोन्ही नान उचलले. अख्खे होते, कोणी हात लावला नव्हता, मी शोरब्याबरोबर वेगळे वाढले होते. ते स्वच्छ फडक्यात बांधले आणि नार्झुल्लांच्या पुढे धरले. म्हणाले, "वाटेत भूक लागेल. असेच घेऊन जा."

न मोडलेले नान परत देणं म्हणजे सोयरीक नाही, हे नार्झुल्लांना कळायला वेळ लागला नाही. ते उठले. मुलगा मात्र उंबऱ्यापाशी घुटमळला, दाराच्या पडद्याकडे बघत. मला त्याची कीव आली. वाईट नाहीये तो. पण बापाने सांगितलेली शिवण तो जन्मभर घालत बसेल, आणि माझ्या मुलीने शेजारी बसून दोरा ओवायचा का?

दगड आम्ही परत पाठवला. त्यांच्याच शेडवर, त्यांच्याच गाडीने. खोली पुन्हा उघडी पडली.

ते गेल्यावर मी मोहीला घेऊन जर्दाळूखाली बसले. विचारलं, तुला आधीच माहीत होतं का. म्हणाली, "नाही, ओयी. मला पोत्यांचं काहीच माहीत नव्हतं. मला नुसता वेळ हवा होता. मी निमित्त शोधत होते, आणि निमित्तच खरं निघालं. मलाच भीती वाटली."

मग खालाशी काय बोलायचीस ते सांग म्हटलं. आणि तिने सांगितलं.

ती म्हणाली, तू तिला लग्न कर म्हणाली नाहीस, करू नको म्हणाली नाहीस, स्वतःचं उदाहरणही दिलं नाहीस. पहिल्याच फोनला एक विचारलंस, तो तुला आवडतो का. तिला सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, खाला, मला माहीत नाही. तेव्हा तू म्हणालीस, "मग कोबा वाळू दे. ओल्यावर बसवलेलं सुटतं."

म्हणजे माझा संशय खरा होता. पहिल्या पत्रापासून खरा होता. तू माझ्या पाठीमागून माझ्या मुलीशी बोलत होतीस आणि मला मालाची कृती लिहून पाठवत होतीस. मी हे मोहीच्या बाबांना जसंच्या तसं सांगितलं, कारण या घरात आता आणखी काही झाकून ठेवायची माझी हिंमत नाही. वाटलं, भांडं आदळतील. ते उठून त्या उघड्या खोलीत गेले.

परवा त्यांनी गोझगोनहून दुसऱ्याकडचा दगड आणला. हा गुलाबी नाही, साधा, पिवळसर पांढरा. तिथून माल घ्यायला नवोईला गेले, आणि रिकाम्या हाताने परत आले. मी विचारलं, दुकान बंद होतं का. म्हणाले, चार दुकानं उघडी होती. पोतं उचलायचं आणि शिवण बघायची, पुन्हा ठेवायचं. आता कुठल्याच पोत्यावर विश्वास बसत नाही. उस्ताने सांगितलेलंही पटत नाही.

मग बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंडी पडायच्या आत यायला सांग. कुठला माल घ्यायचा ते मेहुणी येऊन ठरवेल."

मी त्यांना पुन्हा विचारलं, कोण येऊन ठरवेल? कारण ओयनिसा, तू गेल्यापासून ते तुला "ती" म्हणतात, फार झालं तर "ती कझानची". ते पुटपुटले की मला ऐकू आलंय आणि मी उगाच विचारतेय. खरंच होतं. मला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

त्यांना पुन्हा म्हणावंच लागलं.

बिबिसोरा